वीतभर हिरवी वायर

मी हिरवी वायर बोलतेय. खरं तर मला आता वायर म्हणायचं की वायरीचं मढं, ते तुम्हीच ठरवा. वीतभर लांबी, निम्मं अंग वितळलेलं, आतलं तांबं उघडं पडून काळवंडलेलं. वायरमनच्या कपाटात अगदी खालच्या खणात मी पडून असते.

आमचं कुळ अर्थिंगचं. घराच्या भिंतीत आम्ही तिघी बहिणी असतो. लाल आणि काळी दिवसभर राबतात, एक वीज नेते, दुसरी, म्हणजे न्यूट्रल, ती परत आणते. हिरवी नुसती लोळत असते. कधी इस्त्रीला नाहीतर गिझरला शॉक येऊ लागला, तर ती चुकार वीज जमिनीत नेऊन सोडायची, एवढंच आमचं काम. बहुतेकींवर जन्मात ती वेळ येत नाही. म्हणून आम्हाला बनवतातही बारीकच, आणि त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही.

वायरमनने आमचं बंडल एका घरासाठी आणलं होतं. सगळी वायर भिंतीत गेली, मी शेवटचा तुकडा उरले आणि त्याच्या कॅनव्हासच्या पिशवीत राहिले. तिथून मी त्याचं काम पाहिलं. वायरीच्या पट्ट्या कशा सुतात, वळण कसं काटकोनात! बल्ब जरी बदलायचा असला तरी पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी मेन बंद." त्याची लेक लहानपणी भातुकली खेळतानाही चुलीपाशी बसून "आधी मेन बंद" म्हणायची, असं तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा.

मग तो शिडीवरून पडला. पायाचं हाड सांधलं, पण बोलावणी आटली. माणसं तोंडावर "आराम करा" म्हणाली आणि दुसऱ्याला फोन लावती झाली. वायरमन खिडकीशी बसू लागला. दाढी वाढली. घरात तो आणि लेक दोघंच. ती कामावरून आली की विचारायची, "बाबा, जेवलात?" तो "हो" म्हणायचा, आणि झाकलेलं ताट तसंच असायचं. मला तर वाटायचं, हा माणूस आता आमच्यासारखाच भिंतीत जाऊन पडणार.

अशात लेकीने एक जुनी गाडी घेतली. तिला गाण्याचं वेड. हळूहळू तिने सामान जमवलं: मोठे स्पीकर, डिकीत बसवायचा अॅम्प्लिफायर, त्याच्या वायरींचा खोका. एका सुट्टीच्या सकाळी तिने सगळं दारात मांडलं आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "बाबा, मला हे एकटीला जमेलसं वाटत नाही."

तिला जमलं असतं. तिने आठवडाभर फोनवर तेच बघितलं होतं. पण वायरमन उठला. दाढी करून आला, कानावर पेन्सिल खोचली आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. "आधी मेन बंद," म्हणत त्याने बॅटरीची तार सोडवली. लेक हसली.

दिवसभर तो राबला. जाडजूड लाल वायर बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत गालिच्याखालून अशी नेली, की कुठे उंचवटा दिसू नये. मग खोक्यातली तशीच जाड काळी वायर त्याने हातात घेतली आणि बाजूला टाकली.

"बाबा, खोक्यावरच्या चित्रात ती पण लावलीय."

"अगं, काळी म्हणजे न्यूट्रल. गाडीत न्यूट्रल असते कुठे? इथून नुसती पत्र्याला जोडायची, म्हणजे झालं अर्थिंग. अर्थिंगला कुणी एवढा दोर बांधतं का?"

आणि त्याने पिशवीतून मला काढलं.

गाडीत न्यूट्रल नसते, हे त्याचं खरं होतं. पण म्हणूनच तिथे पत्रा न्यूट्रलचं काम करतो, आणि अॅम्प्लिफायरमध्ये शिरलेली सगळी वीज त्याच एका तुकड्यातून परत फिरते. त्याने जन्मभर घरंच जोडली होती. त्याला हे कोण सांगणार?

सांगणारी समोर उभी होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तो पत्र्याचा रंग खरवडता खरवडता गुणगुणू लागला. पडल्यापासून पहिल्यांदाच. तिने तोंड मिटलं.

"बरं, बाबा. तुम्हाला जास्त कळतं."

त्याने मला नटाखाली घट्ट आवळलं. काम नेहमीसारखं देखणं. फक्त बैलाच्या जागी शेळी जुंपलेली.

गाणं वाजलं तेव्हा वायरमनचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून तो दोन्ही वेळा जेवू लागला. रोज सकाळी गाडी पुसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला डिकी उघडून दाखवायचा. आणि लेक आवाज अगदी हळू ठेवायची. मला कोमट वाटायचं, त्यापलीकडे काही नाही. तो म्हणायचा, "अगं, वाढव की जरा." ती म्हणायची, "शेजारच्यांना त्रास नको."

एकदा तो आत आहेसं बघून तिने गालिचा उचलला. नटाला पाना लावला. माझी सुटका आली, असं मला वाटलं. तेवढ्यात तो चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"काय गं, काही बिघडलं का?"

"नाही बाबा. पाना पडला होता."

गालिचा पुन्हा माझ्यावर पडला.

आणि एका दुपारी ती आत झोपलेली असताना तो गाडीत जाऊन बसला. आपलं काम एकदा तरी पुऱ्या आवाजात ऐकावं, एवढीच त्याची हौस. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळलं. प्रत्येक ठेक्याला वीज माझ्या अंगातून धावत होती आणि मी तापत चालले होते. हिरवं कवच मऊ झालं, गळू लागलं, गालिचा धुमसला. जळक्या वायरीचा वास वायरमनला कळायला वेळ लागत नाही. तो लंगडत मागे आला, आणि जन्मात पहिल्यांदाच मेन बंद न करता त्याने मला नुसत्या हाताने उपटून काढलं. माझं निम्मं कवच त्याच्या तळव्याला चिकटलं.

वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू बादली घेऊन धावला. धूर बसल्यावर म्हणाला, "काका, कुणी केलं हो हे काम? धरा त्याला."

"आहे एक म्हातारा," वायरमन म्हणाला.

लेक दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

भिजलेलं सामान बाहेर काढताना स्टेपनीखाली त्याला ती जाड काळी वायर सापडली. मापात कापलेली, दोन्ही टोकांना नटात बसतील अशा कड्या घट्ट दाबलेल्या. नुसती लावायचीच बाकी. ती हातात धरून तो लेकीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवायला लागला होतात, बाबा." एवढं बोलून ती रडायला लागली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्या डोक्यावर पोळलेला हात ठेवला आणि म्हणाला, "तूच कर आता. तुला कळतं." काळी वायर तिने लावली. "बाबा, एकदा बघून जा," म्हणून दोनदा हाक मारली. तो खिडकीतून उठला नाही. त्याची पिशवी माळ्यावर गेली, आणि मी टेस्टरबरोबर या खणात.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. ज्याच्यावर माया आहे त्याची चूक त्याला वेळेवर सांगा. तो रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. पण तिसऱ्या दिवशी हातात पकड घेऊन उभा राहील.

काल स्वयंपाकघरातला बल्ब गेला. हा खण उघडला. टेस्टर घेताना त्याचा तळवा मला लागला; त्यावर माझ्याएवढाच जाड वण आहे. टेस्टर लेकीला देत तो म्हणाला, "अगं, तेवढा बल्ब बदलतेस का?"

ती स्टुलावर चढली आणि हात वर न करता त्याच्याकडे बघत थांबली. तो एक ठरलेलं वाक्य बोलेल, याची वाट बघत. तो जमिनीकडे बघत होता.

ती खाली उतरली, स्वतःच जाऊन मेन बंद करून आली. मग त्याने खण लावला.