खाली पाहणारी तार

मी एका जीपच्या उजव्या दिव्यातला बल्ब बोलतोय. दिवा म्हटलं की लोकांना काच दिसते, आतली चकचकीत वाटी दिसते. मी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आलोच तर डोळे दिपतात. आता मात्र माझ्याकडे खुशाल बघा. धावड्यात सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, हळदीच्या डबीशेजारी मी पडून आहे. माझ्या काचेवर धुराची पुटं चढली आहेत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पोटात दोन तारा बसवल्या, हवा काढून घेतली आणि काच बंद केली. एक तार वरची, लांबवर पाहणारी. दुसरी खालची, पुढ्यातलं पाहणारी. समोरून कोणी आलं की ड्रायव्हरने पायाशी असलेलं बटण दाबायचं, मग वरची विझते आणि खालची पेटते. याला सगळे डिपर मारणं म्हणतात. मला ते मान खाली घालून रामराम करण्यासारखं वाटायचं.

सत्तर साली धावड्याच्या तातेरावांनी जीप घेतली आणि मी तिच्यात आलो. डाव्या दिव्यात माझा जोडीदार होता. आम्ही एकाच खोक्यातून आलो, पण बसवल्यावर पुन्हा एकमेकांना पाहिलं नाही. त्याचा उजेड आणि माझा उजेड पुढे रस्त्यावर मिसळायचा, तेवढीच आमची भेट. ती रोज संध्याकाळी व्हायची, म्हणून मला तेव्हा तिची किंमत नव्हती.

जीप चालवायचा मच्छिंद्र. सकाळी धावड्याहून भोकरदनमार्गे जाफराबादला सवाऱ्या न्यायच्या, दिवेलागणीला परत यायचं. माणूस अबोल, पण डिपरच्या बाबतीत फार रीतीचा. कापसाच्या दिवसांत समोरून बैलगाड्या यायच्या, आसाखाली कंदील टांगलेल्या. तो कंदील दिसला की मच्छिंद्र लांबूनच उजेड खाली करायचा, जीप कडेला घ्यायचा आणि गाडी निघून जाईपर्यंत थांबायचा. डोळ्यांत उजेड गेला की बैल बुजतात, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. गाडीवानही ओळखून होते. असा मिणमिणता, आदबशीर दिवा या रस्त्यावर एकाच जीपचा होता.

एकाहत्तरच्या लढाईत आमची काच वरून अर्धी काळी रंगवली. लढाई संपली, रंग खरवडला, तरी मधोमध एक काळी टिकली ठेवावी लागली. नियमच होता तसा, समोरच्याला उजेड टोचू नये म्हणून. जोडीदाराच्या काचेलाही तशीच टिकली होती. आम्ही दोघं तीट लावलेल्या पोरांसारखे दिसत असू.

पुढे तीन-चार वर्षांनी मच्छिंद्र काच पुसायला लागला. सारखी पुसायचा. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, धोतराच्या सोग्याने पुसायची, पुन्हा चढायचं. रस्त्यावरची ओढ्याची मोरी जवळ आली की जीप अगदी गोगलगायीसारखी चालवायचा. एकदा तर उतरून मोरीचा दगड हाताने चाचपून आला. मला वाटलं, आता याला कळेल. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "याच्यात दम राह्यला न्हाई."

मला इतका राग आला होता! माझ्या दोन्ही तारा धडधाकट होत्या. दम त्याच्या डोळ्यांतला गेला होता. पण ड्रायव्हरने डोळे गेले म्हणायचं म्हणजे चाक सोडायचं, आणि चाक सोडलेल्या मच्छिंद्रला गावात काय काम होतं? शेत नाही, दुसरी कला नाही. म्हणून त्याने दोष बल्बावर टाकला आणि जालन्याहून दोन पांढरे बल्ब आणले. आमच्या दुपटीहून जास्त वॅटचे, बाहेरच्या देशातले म्हणे. तातेरावांनी विचारलं, हे नियमात चालतात का? मच्छिंद्र म्हणाला, बिलकुल चालतात, आता सगळेच लावतात.

चालत नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. कारण वर्षातून एकदा औरंगाबादला पासिंगला जायची वेळ आली की पांढरे काढून आम्हाला बसवलं जायचं. पांढऱ्यांसाठी खरवडलेली टिकली पुन्हा रंगवली जायची. तिथले साहेब वाकून बघायचे, डिपर मारायला लावायचे, मान डोलवायचे. परत येताना पहिल्याच चहाच्या टपरीवर आमची उचलबांगडी. साहेबांसमोर आम्ही आणि रस्त्यावर ते पाहुणे! तरी मी त्या एका दिवसाची वाट बघायचो. बाकी वर्षभर आम्ही दोघं एका फडक्यात, समोरच्या कप्प्यात. काच काचेला टेकलेली असायची, पण अंधारात. उजेडातली भेट निराळी.

कप्प्यातून ऐकू सगळं यायचं. मच्छिंद्र आता डिपर मारत नव्हता. खालच्या उजेडात त्याला काहीच दिसत नसे, म्हणून वरची तार कायम चालू. समोरचे सायकलवाले शिव्या द्यायचे. सवाऱ्या मात्र खूश होत्या, आपल्या जीपचा उजेड कसा दिवसासारखा पडतो म्हणून.

अठ्ठ्याहत्तर सालच्या कापसात ते घडलं. सूर्य नुकताच बुडाला होता. जीप भोकरदनहून रिकामी परत येत होती. समोरून गावचाच भिवा बाजाराला कापूस घेऊन निघाला होता. गाडीवर वर त्याची बायको गिरिजाबाई बसली होती. मी आधी बैलांच्या घुंगरांचा खळखळाट ऐकला, मग लाकूड मोडल्याचा आवाज, आणि मग गिरिजाबाई. जीप गाडीला लागलीच नाही. बैल उजेडाला बुजले आणि गाडी कडेच्या चारीत गेली. गिरिजाबाई वरून दगडांवर पडली. तिचा उजवा हात कोपरातून वळला होता, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

मच्छिंद्र हाका मारत धावत उतरला. भिवाने त्याचा आवाज ऐकला आणि तो जागीच थांबला.

"तू हाईस का?" भिवा म्हणाला. "मला वाटलं कोणी परकी गाडी आली. तू तर लांबूनच दिवा खाली करतोस."

 दोघांनी बैल सोडून बाभळीला बांधले, गिरिजाबाईला जीपमध्ये निजवलं आणि जीप भोकरदनच्या दवाखान्याकडे वळवली. मैलभरही गेली नसेल, तर जळका वास आला. त्या पाहुण्यांचा ताप आमच्या जुन्या वायरीला सोसणारा नव्हताच. डावीकडचा होल्डर वितळला, उजवीकडचा पांढरा बल्ब भप्पकन गेला, आणि पुढे नुसता अंधार उरला.

मच्छिंद्रने कप्पा उघडला, फडकं सोडलं, पहिला हाताला लागलो तो मी.  त्याने मला उजव्या दिव्यात बसवलं आणि बटण ओढलं. मी पेटलो. खरं सांगतो, मागे ती बाई कण्हत होती तरी मला आनंद झाला. रस्ता, धूळ, कडेचं गवत, सगळं होतं तिथेच होतं. जीप मात्र हलेना.

"चल की," भिवा म्हणाला.

"मला दिसत न्हाई, भिवा."

"दिवा तर लागलाय."

"दिव्याचं न्हाई. माझे डोळे गेले. लई दिवस झाले. बल्ब बदलून पाह्यले, काच पुसून पाह्यली."

"मंग आजवर गाडी कशी चालवून राह्यलास?"

"रस्ता पाठ हाय."

भिवाने मागे वळून बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझे बैल पाठ नव्हते तुला."

एवढंच तो म्हणाला. मग उतरला आणि पुढच्या मडगार्डवर, माझ्या अगदी शेजारी येऊन बसला. "डावीकडं घे," म्हणायचा. "आता सरळ. जल्दी नको करू, खड्डा हाय." मी उजेड द्यायचो, भिवा बघायचा आणि मच्छिंद्र चाक फिरवायचा. एका खड्ड्यात जीप जोरात आदळली आणि माझी वरची तार तुटली. मच्छिंद्रने पायाने बटण दाबलं. खालच्या तारेवर आम्ही भोकरदन गाठलं.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र तातेरावांच्या ओट्यापाशी गेला आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आला. तातेरावांनी त्याला दोन शब्द सुनावले, पण मग स्वतःही बराच वेळ खाली बघत बसले. पासिंगच्या वेळची ती अदलाबदल त्यांच्या नजरेखाली तर व्हायची. मच्छिंद्रने किल्ली ठेवली, मला काढून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि घरी आणलं. का आणलं, ते त्याने बायकोला, सगुणाबाईंनाही सांगितलं नाही.

पुढे त्याच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. जाड भिंगांचा चष्मा लागला. त्याला आता कोनाड्यातला मी दिसतो. गाडी मात्र त्याने पुन्हा धरली नाही. गिरिजाबाईचा हात काही सरळ झाला नाही. ती डाव्या हाताने पाणी शेंदते. मच्छिंद्र आडावर दिसला की त्याला भाऊ म्हणते आणि सगुणाबाईची चौकशी करते. त्या दिवशी तो घरी येऊन जेवत नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जीपचा नवा ड्रायव्हर शिवाजी घरी आला. त्याने सांगितलं, की होल्डर नवा बसवलाय आणि डाव्या दिव्यात अजून जुनाच बल्ब जळतोय. उजवीकडे दुसराच आहे, उजेड एकसारखा पडत नाही. जुन्याची जोडी तुमच्याकडे आहे असं ऐकलं.

माझा जोडीदार अजून जळतोय! कोनाड्यात मला धड श्वास घेता येईना, आणि श्वास तर मी कधी घेतलेलाच नाही.

मच्छिंद्रने मला उतरवलं, उपरण्याने पुसलं. शिवाजीने बाहेर उभ्या जीपच्या बॅटरीला वायर लावून बघितलं. खालची तार पेटली. ओसरीवर पिवळा उजेड पडला, सगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग त्याने दुसरी वायर लावली. काहीच झालं नाही.

"याची वरची गेली काका," शिवाजी म्हणाला. "अर्धा बल्ब काय कामाचा?"

"खालची बराबर हाय ना?" मच्छिंद्रने विचारलं.

"खालच्यावर कोण गाडी चालवतं?"

तो रागाने बोलला नव्हता. त्याने मला मच्छिंद्रच्या हातात ठेवलं आणि निघाला. मच्छिंद्र मला ओसरीवर ठेवून त्याच्यामागे जीपपर्यंत गेला. गाडी समोर आली की दिवा खाली करत जा, बैल असले तर थांबत जा, एवढं पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शिवाजी हो हो म्हणाला. जीप सुरू झाली. ओसरीवरून मला तिचा डावा दिवा दिसला, आयुष्यात पहिल्यांदा, समोरून. वळताना तो सरळ मच्छिंद्रच्या तोंडावर आला. मच्छिंद्रने डोळ्यांवर हात धरला आणि तसाच उभा राहिला.

मीही बघत होतो. शिवाजीने बटण दाबलं नाही.