नाल्यावरच्या पुलापाशी मी रिकामा होत असे

मित्रांनो, संडासाच्या टाक्या उपसणारा टँकर म्हणजे मी. आता माझा पत्रा गंजला आहे. मी रस्त्याने निघालो की माणसं नाकाला रुमाल लावतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

अकोल्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझी टाकी जोडली गेली. मालक देवमन, ड्रायव्हर सहदेव. पातूरच्या बाजूच्या खेड्यांत कुणाची टाकी तुंबली की आम्हालाच बोलावणं यायचं. काम झालं की बायका म्हणायच्या, "बरं झालं भाऊ, आले तुमी." मला अभिमान वाटायचा. लोकांची घाण मी दूर नेतो, असं मी समजत होतो. भरलो की सहदेव मला नाल्यावरच्या पुलापाशी नेई आणि पाईप खाली सोडी. मालकाने तीच जागा दाखवली होती.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही माणिकबाईकडे गेलो. त्या भाजी पिकवतात, बाजारात विकतात. सहदेव दर आठवड्याला त्यांच्याकडूनच सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायचा. मी त्यांची टाकी उपसत होतो. अंगणात माणिकबाई ओल्या सांबाराच्या जुड्या बांधत होत्या.

"सून दिसत नाही, मावशी?" सहदेवने विचारलं.

"मोनालीले कावीळ झाली. आठ दिवसापासून अकोल्याले भरती हाय. डॉक्टर म्हणते, पाणी खराब असन."

"सांबार कुठं धुता तुमी?"

"हा काय मांगं नाला. कावून विचारता?"

सहदेव घरामागे गेला. तसाच धावत परत आला. नाल्याच्या वरच्या अंगाला पूल दिसत होता. आमचाच पूल.

"मावशी, ते पाणी वापरू नका," तो म्हणाला. "तिथं वर मीच गाडी खाली करतो. तीन वर्सं झाली."

माणिकबाईंच्या हातातली जुडी सुटली. माझ्या पोटात त्यांच्याच घरचा मैला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. घाण मी दूर नेलीच नव्हती. एका घरातून काढून दुसऱ्या घराच्या भाजीवर ओतली होती.

सहदेवने मालकाला फोन लावला. "पुलावर नाही नेत मी. तालुक्याच्या मैला साफ करायच्या केंद्रावर नेतो." पलीकडून देवमन बराच वेळ बोलत होता. सहदेवने फोन बंद केला.

"मी येतो संग," माणिकबाई म्हणाल्या. "मले डोयानं पाहाचं हाय."

पदर नाकाला लावून त्या केबिनमध्ये बसल्या.

केंद्रावर शकुन नावाच्या बाई होत्या. त्यांनी मला रिकामं करून घेतलं. इथे गाळ वेगळा करून उन्हात वाळवतात, पाणी साफ करून मगच सोडतात, असं त्यांनी दाखवलं.

"हे कधीपासून हाय?" माणिकबाईंनी विचारलं.

"चार वर्सं झाली. पण ही गाडी आज पयल्यांदाच आली."



महिन्याने मोनाली घरी आली. आता माणिकबाई विहिरीच्या पाण्यात भाजी धुतात. सहदेव बाजारात त्यांच्यासमोर जात नाही. देवमनने त्याला काढून दुसरा ड्रायव्हर शोधला, पण माणिकबाईंनी गावात सांगितल्यापासून पुलावर लोक उभे असतात. मग मला केंद्रावरच जावं लागतं.

मित्रांनो, तुमच्या दारी माझ्यासारखा टँकर आला तर खुशाल नाक दाबा. पण झाकण उघडण्याआधी ड्रायव्हरला विचारा, "हे कुठं नेता?" आम्हाला इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नाही.