हौदाचं झाकण

दूधसंघानं नवा नियम काढला. ज्याच्या गोठ्याची घाण ओढ्यात जात नाही आणि शेणाचा हौद झाकलेला आहे, त्याच्या दुधाला जादा भाव. आमच्या घरात असल्या गोष्टींना आधी नाकं मुरडतात आणि मग सगळ्यांच्या पुढे रांगेत उभे राहतात. भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, हौदावर सिमेंटच्या फरश्या टाकल्या आणि कोपऱ्यात माणूस उतरेल एवढं लोखंडी झाकण बसवलं. ओढा खरंच निवळला, तळातले गोटे दिसायला लागले. खोटं कशाला बोलू?

"शेणाला छप्पर मिळालं, माझं स्वयंपाकघर गळतंय ते गळतंयच," जाऊबाई म्हणायच्या.

"गाई आता जादा भाव आणतील. तू काय आणलंस?"

"तुम्हाला इतकी वर्षं सांभाळलं, त्याचा भाव कोण देतो?"

संघाचा तपासनीस यायच्या आदल्या दिवशी हौदाची नळी तुंबली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. हौद ढवळण्याची आमच्याकडे सासऱ्यांपासूनची एक रीत होती. ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास उठतो. तो असेपर्यंत लांब राहायचं, वास गेला की जवळ जायचं. उघड्या हौदावर वारा असायचा, म्हणून ती रीत कधी चुकली नाही. झाकलेल्या हौदात तो वायू कोंडून राहतो, आणि फार झाला की आधी नाकच मारतो, वासच येईनासा होतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. झाकण घाला म्हणणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

भाऊजींनी झाकण काढून बांबूनं ढवळलं, लांब जाऊन उभे राहिले, मग परत येऊन वाकून बघितलं.

"दादा, थांब की जरा," माझा नवरा म्हणाला.

"वास गेला रे. काहीच येत नाही आता."

ते शिडीवरून उतरायला लागले आणि अर्ध्यातच हात सुटला. ओरडलेसुद्धा नाहीत. माझा नवरा धावला, त्यानं एक पाय आत टाकलाही. जाऊबाईंनी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला घेऊन जमिनीवर पडल्या. तो शिव्या देत होता, लाथा झाडत होता. "एक गेला, दुसरा जाऊ देणार नाही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. अग्निशमनवाले येईपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही.

तपासनीस काही दिवस थांबून आला. माणूस भला होता, दारातच घुटमळत राहिला. झाकण अजून हौदाशेजारी तसंच पडलं होतं. त्या बाजूला कोणी फिरकलंच नव्हतं.

"मी नंतर येतो," तो म्हणाला. "आज बघितलं तर हौद उघडा आहे असं लिहावं लागेल."

"तोवर जुनाच भाव?" जाऊबाईंनी विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

जाऊबाई उठून हौदाकडे निघाल्या. मला त्यांचा भयंकर संताप आला. घरातला माणूस गेला आणि यांना दुधाचा भाव सुचतोय. मी अडवायला म्हणूनच मागे गेले. त्यांनी वाकून झाकणाची एक कडी धरली होती. झाकण एकटीला उचलणारं नव्हतं.

"त्या बाजूनं धर गं," त्या म्हणाल्या. "याच्यासाठीच गेले ना ते? मग तेवढं तरी मिळू दे."

माझा नवरा पायरीवर बसून आमच्याकडे बघत होता. त्याच्या कमरेवर जाऊबाईंच्या बोटांचे वळ अजून होते.

मी दुसरी कडी धरली. झाकण बसलं. जाऊबाईंनी ते पायानं दाबून बघितलं आणि तपासनिसाला म्हणाल्या, "आता लिहा."