गणपती बसतो त्या मैदानासमोर

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. लिफाफ्यावरचा नव्हे हं, वेबसाइटच्या अगदी तळाशी बसलेला. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ विजयालक्ष्मीकाकूंचं छोटं स्वयंपाकघर आहे. तिथून दवाखान्यातल्या आजाऱ्यांसाठी मऊभात, मुगाचं वरण, मेतकूट असा पथ्याचा डबा जातो. काकूंनी मला मोठ्या हौसेने लिहून घेतलं, 'गणपती बसतो त्या मैदानासमोर'. शेजारी फोन नंबर दिला तो काका-काकू तेव्हा राहायचे त्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरचा.

गणपती मंडळातली माणसं म्हणायची, "वा, काय झकास पत्ता!" मीही फुगलो. पण त्यांना जागा ठाऊकच होती, माझी गरज होती ती परक्यांना!

पुढे काका रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, तिथला फोन बंद पडला. मला मात्र कुणी हात लावला नाही. माझ्यात ना गल्ली ना पिनकोड, त्यामुळे नेटवर जवळपास डबा शोधणाऱ्यांना आमचं नावच दिसेना. गिऱ्हाईक आटलं. "महिनाअखेर बंदच करते गं," काकू सुनेला, अपूर्वाला म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशात एका दुपारी घामाघूम झालेला हितेश दारात आला. त्याच्या आईचं, गंगुबाईंचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं.

"काकू, वॉर्डातल्या एकाने तुमची वेबसाइट दिली, तेव्हापासून तासभर फिरतोय! फोन लागत नाही. आणि गणपती दहाच दिवस बसतो ना? आता मार्चमध्ये कुठे शोधू, यार?"

काकूंनी कपाळावर हात मारला. आधी त्यांनी मऊभात टाकला, मग अपूर्वाला हाक मारली. अपूर्वाने तिथेच बसून मला नवं केलं. घर नंबर, गल्ली, पिनकोड, चालू मोबाईल, डब्याच्या वेळा, सगळं आलं. नकाशावरही हेच शब्द घातले. "बिल्कुल एकसारखं हवं, आई," ती म्हणाली.

आठवड्यात फोन वाजू लागले. बंद करायची भाषा काकू विसरल्या. हुश्श! केवढं ओझं उतरलं माझं!

दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी गंगुबाई स्वतः रिकामा डबा घेऊन आल्या. हितेश सामान आवरत होता. मोबाईलवर मला वाचत, हळूहळू चालत त्या दारात पोचल्या.

"आले बाई एकदाची, कुण्णाला न विचारता!"

मित्रांनो, पत्त्याला याहून काय हवं? तुम्ही हललात की मलाही हलवा, एवढंच मागणं आहे.