चांदीच्या पहाडाची दंडार

यादोराव बाईचं सोंग घ्याचा. दरेकश्याकडच्या त्याच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली का भर दुपारी दंडार उभी राहे, अन् दंडारीच्या खेळात मायचं काम यादोरावचंच. मिशा काढाचा, लुगडं नेसाचा, अन् असा रडाचा का समोरच्या बायकाबी पदर डोळ्याले लावत.

बायको अन्नपूर्णा म्हने, "घरी तं कधी टिपूस पडत नाही तुमच्या डोळ्यातून!"

"घरचं रडनं फुकट जाते वो," यादोराव म्हने. "इथं टाळी तं भेटते."

दोन वर्सांआधी त्याच्या पोरीनं, समीक्षानं, नवी दंडार लिहिली. ती गोंदियाले कालेजात इतिहास शिकवते. स्पेनच्या राजानं समुद्रापल्याड अमेरिकेत तीनशे वर्सं राज्य केलं, त्याची गोष्ट.

"आपल्याले काय करा लागते त्या स्पेनचं?" श्यामलाल कुरकुरला. साहेबाचं काम नेहमी त्याच्याच वाट्याले येई.

"काका, तिथं चांदीचा पहाड होता," समीक्षानं सांगतलं. "खदानीत राबाले दर सात मानसामांगं एक धरून नेत. माघारी येनारे थोडे. म्हनून मानूस निघाला का गाव त्याले तिथंच रडून घे, मेल्यासारखं. मांगून रडाले मुर्दा कुठचा भेटते?"

यादोराव हासला. "जित्या मानसाले कोनी रडते का माय?"

"रडतेत बाबा. अन् तुमालेच रडा लागन."

श्यामलालले पुठ्ठ्याची टोपी केली, वरून चॉकलेटची सोनेरी पन्नी. साहेब म्हटला का हिंदीच बोलला पायजे, म्हनून तो "चलो रे, निकलो!" असा वरडे. खदानीत जानारा झाला यादोरावचाच पोरगा, संघदीप. मायच्या मिठीतून सुटून तो लोकायच्या मधून चालत जाये, मांगं पाहेच नाही. शेवटी लोक लढत, स्पेनवाले पळत, झेंडा चढे, ढोलकी वाजे. माय मात्र रस्त्याकडं पाहत उभी. मंडई येडी झाली त्या खेळावर.

मांगच्या फागुनात संघदीप खराच निघाला. कुठं तरी बर्फाच्या मुलखात रस्त्यासाठी बोगदा खोदून राहिले होते, ठेकेदार पोरं नेत होता. दरेकश्याच्या ठेसनावर अन्नपूर्णाचे डोळे भरले, तं यादोरावनं तिलेच दटावलं. "कायले रडून राहिली? कामाले चालला तो, लढाईले नाही." अन् पोराले म्हने, "मंडईले ये बरं. नाही तं तुझं काम शेजारच्या प्रफुलले देईन."

"देजा ना. त्याले चालनं तरी जमते का?" संघदीप डब्याच्या दारातून हासला. गाडी पुढं बोगद्यात शिरली.

पावसाळ्यात तिकडचा पहाड बसला. चार जन आत राहिले. महिनाभर खोदून पाह्यलं, मंग बोगद्याचं तोंड बंद करून टाकलं. फोन आला, कागद आला. संघदीप नाही आला.

गाव म्हने, भन्तेले बलावू, गेलेल्या पोराचा जलदान विधी करून घेऊ. अन्नपूर्णा ऐके ना. "मुर्दा दाखवा मले, मंग करा तुमचं जलदान." घरात रडाचीच बंदी झाली. यादोरावचे डोळे भरले का ती अशी पाहे, जसं त्यानंच पोराले मारलं. छाती दाबून राहिला तो मानूस.

मंडई आली तं समीक्षा म्हने, "बाबा, या साली दुसरा खेळ करू."

"हाच करू," यादोराव म्हने. त्याच्या मनात एकच होतं. लुगडं नेसून तरी रडाले भेटन. तिथं कोन अडवते?

खेळ उभा राहिला. प्रफुलच्या आंगात संघदीपचाच खेळातला सदरा होता, खांद्यावर ठिगळ असलेला.

"चलो रे, निकलो!" श्यामलाल वरडला.

यादोरावनं प्रफुलच्या गळ्यात हात टाकले. अन् रडूच येईना. इतक्या सालाचं सवयीचं रडनं, एक टिपूस नाही. हात मात्र सुटेना. ढोलकीवाल्यानं एकडाव इशारा देल्ला, मंग दुसऱ्यांदा.

"काका, सोडा," प्रफुल कानात म्हने. "मले जाचं आहे."

"नोको जाऊ."

"काका, खेळात तसंच आहे ना."

"असू दे. नोको जाऊ ना बाबू."

श्यामलालनं टोपी काढून हातात घेतली. पल्याड आकाशपाळना किरकिरत होता, तेवढाच आवाज.

मंग बायकायमधून अन्नपूर्णा उठली. चपला काढल्या, मांडवात आली. यादोरावची बोटं तिनं सदऱ्यावरून एकेक करून सोडवली.

"सोडा त्याले. रीताचा पोरगा आहे तो. आपला नाही."

प्रफुल लोकायच्या मधून चालत गेला. त्या ठिगळाकडं ती पाहत राहिली, पार पानठेल्याच्या मांगं दिसेनासं होईपर्यंत. मंग तिनं असा हंबरडा फोडला का ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवली. यादोराव तिच्या बाजूले बसला, आपल्या लुगड्याचा पदर तिच्या तोंडाले लावून.

"तुमीबी रडा आता," ती म्हने. "अन् बुधवारी जलदानाले भन्तेले बलावा."

झेंड्याचा बांबू मांडवाच्या मांगं टेकवून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्या साली स्पेनवाले गेलेच नाही.