मला कापून टाका

मित्रांनो, जवळ बसा, पण मला धरून लोंबकळू नका. मी कडा चढणाऱ्यांचा दोर. जुना झालो, रंग उडाला, तरी दिसायला अजून धडधाकट आहे. आणि तेच वाईट आहे.

कारखान्यात मला विणलं तेव्हा आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा भरला आणि वर निळी वीण चढवली. सगळं बळ गाभ्यात. वीण म्हणजे नुसता अंगरखा. तुमसरच्या योगेंद्र सरांनी मला आणलं आणि आंबागडच्या कड्यावर आमची चढाईची शाळा सुरू झाली. चार वर्षं मी कितीतरी पोरापोरींना झेललं. वाहवाही खूप झाली, खोटं कशाला बोलू!

मेघा त्यातलीच, गावातल्या धान पिकवणाऱ्या यादोरावांची थोरली. तिला सरांसारखं शिकवायचं होतं. पण एकदा हात सुटून ती दहा-बारा फूट खाली आली. मी झेललं, खरचटलंही नाही. तरी तेव्हापासून कड्याला हात लावला की ती घाबरून मागे सरे.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "भेव जात नसते, मेघा. लंबा श्वास सोड अन् त्याले इचार, तू कायले आलं? जुनंच कारण सांगते, तर बाजूले बसव. नवं सांगते, तर आयक."

ती रोज तसंच करी. श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा. नजर फक्त पुढच्या खाचेवर. हळूहळू ती पुन्हा वर चढू लागली.

मग धानाचे दिवस आले, शाळा बंद पडली आणि मी मेघाच्या घरी राहिलो. यादोराव माणूस लाखाचा, पण रिकामी पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. "एवढा मजबूत दोर खुंटीले कायले टांगाचा?" म्हणाले, आणि माझ्याने ट्रॅक्टरवर धानाची पोती आवळली. नंतर मला जुन्या बॅटरीजवळ टाकलं. तिचं अ‍ॅसिड पाझरलं. विणीवर जेमतेम डाग पडला, आतला गाभा मात्र वीतभर सडला. यादोरावांनी मला धुतलं, वाळवलं, छान गुंडाळून ठेवलं. चांगुलपणाने हो! सांगितलं मात्र कोणालाच नाही.

शाळा उघडली त्या सकाळी अर्धा गाव बघायला आला. एरवी सर मला बोटांतून इंच इंच सरकवून तपासत. त्या दिवशी घाई झाली. "घरचाच तर दोर हाय," म्हणाले. मेघाने मला कमरेला बांधलं. सडकी जागा गाठीच्या हातभर वर. मला ओरडावंसं वाटलं, पण दोराला तोंड कुठलं?

तीस फुटांवर ती एका टप्प्यावर थांबली. मी सैल पडलो आणि नेमका तिथेच मोडल्यासारखा वाकलो. तिची नजर त्या वाकावर अडली.

"काहून थांबली? बस दोरावर, आराम कर," सर खालून म्हणाले.

"थांबा सर. भेव नवं सांगून राहिलं." तिने एका हाताने मला चाचपलं. "दोर मऊ लागून राहिला."

"बस न बेटा!" यादोराव मोठ्या मायेने ओरडले. "लय मजबूत हाय. म्या सोता याच्यानं धानाचे पोते आवळले!"

चढाईचा दोर दुसऱ्या कामाला लागला की त्याचा भरवसा संपतो; सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मेघा, दोरावर भार देऊ नको. हातापायानंच उतर."

सडक्या जागेच्या वर नवी गाठ मारायला दोन्ही हात लागतात, आणि टप्पा होता पावलाएवढा. चार आकडे, सहा आकडे. एक खाच, मग दुसरी. मी तिच्या कमरेला नुसता लोंबत होतो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. शेवटी तिचे पाय मातीला लागले आणि ती बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"याचे तुकडे करा," सर बजावून गेले. यादोरावांनी कोयता उचललाही. पण "एकच जागा खराब हाय, बाकी दोर बढिया हाय," म्हणत मला पुन्हा खुंटीला अडकवलं. चार महिने झाले. ती जागा कोणती, हेही आता ते विसरलेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मी उलट सांगतो. मला कापा. आज मेघा तुमसरला गेली आहे आणि दारात शेजारचा ताराचंद उभा आहे.

"विहिरीत उतराचं हाय, भाऊ, मोटर काढाले. दोर हाय का?"

"हाय न," यादोराव म्हणाले. त्यांचा हात खुंटीकडे येतो आहे, आणि त्या हाताला जरासुद्धा भीती वाटत नाही.