खिळ्यावरची अस्सल चावी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चावी आहे. चावीवाल्या आजोबांनी स्वतःच्या घराच्या लॅचसाठी मला कानशीने घासून घडवले आणि खाली दुकानात खिळ्यावर टांगले. घरची प्रत्येक नवी चावी माझ्यावरूनच काढायची, हा त्यांचा नियम. नकलेची नक्कल केली की चूक व्याजासकट वाढते, असे ते गिऱ्हाइकांना बजावत. माझ्या लेकी रोज कुलपात फिरत, झिजत, हरवत. मी मात्र होते तशीच लखलखीत, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एकदा आजोबा बाहेर गेले असताना आजींनी वापरातल्या झिजक्या चावीवरूनच नवी काढली. आजोबांनी ती माझ्याशेजारी धरली. एक दाता किंचित बुटका निघाला. कुलपात घालूनही न पाहता त्यांनी ती भंगाराच्या डब्यात टाकली. बरी खोड मोडली, असे मलाही वाटले.

मग तो दिवस आला. आजोबांची लेक कचरा ठेवायला जिन्यात आली आणि वाऱ्याने दार धाडकन लागले. आत दोन वर्षांची नात, गॅसवर दूध आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चाव्या. दाराखालून करपल्याचा वास येऊ लागला. नात रडत होती, मग तिचे रडणेही थांबले. लेकीने जिन्यातून खाली दुकानात हाका मारल्या.

आजोबा मला घेऊन धावत वर आले. मी आत शिरले, पण फिरेना. त्यांनी जोर लावला, तशी माझी मान पिरगळली. मी आत तुटले असते, तर सगळेच संपले असते.

"अस्सल आहे ही. हिनं उघडायलाच हवं," ते पुटपुटत राहिले.

मागोमाग आलेल्या आजींनी दुकानातून आणलेला भंगाराचा डबा पायरीवर उपडा केला. "कुलूप तरी तेव्हाचं राहिलंय का? सरका बाजूला."

बुटक्या दात्याची चावी आत गेली आणि फिरली. नात दारामागेच बसली होती, रडून रडून दमलेली.

वर्षानुवर्षे फिरून कुलूप आतून झिजले होते. माझ्या लेकी त्याच्यासोबत झिजल्या आणि त्यांची झीज आजींच्या नकलेत उतरली. मी तेवढी खिळ्यावर राहिले. कोणती चावी चालेल हे मी ठरवत नव्हते, आजोबाही नाही. ठरवत होते ते कुलूप.

आता मी वाकडी होऊन त्याच डब्यात पडले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण बुटक्या दात्याची कोणी हाती लागली, तर फेकण्याआधी एकदा कुलपात घालून पाहा.